काकासाहेबांचं बोट

काकासाहेबांना फिक्स गेनच्या बफर चिपचं भारी कौतुक. प्रोबमधून येणारा बारीक सिग्नल घ्यायचा, बरोबर दुप्पट करायचा आणि लांब केबलमधून पुढं ढकलायचा, एवढंच तिचं काम. ती पट, म्हणजे गेन, कारखान्यातच ठरलेली, तिथं कुणाची मनमानी चालत नाही. “हिच्यात आपण बिघडवावं असं काही उरलंच नाय, मोनाली,” ते म्हणायचे. साफ चूक! केबल लांब झाली की ही वाइडबँड, भलत्याच वेगाची कार्टी स्वतःच बोंबलायला लागते आणि सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपवर सरळ रेषेच्या जागी नुसती झुडपं उगवतात. उपाय सोपा आहे, आउटपुटच्या पिनेला लागून एक रेझिस्टर. पण काकासाहेब तिथं बोट टेकवायचे, आणि बोर्ड गप्प बसला की “झालं” म्हणायचे. चिकलठाण्याच्या आमच्या वर्कशॉपमधले ते सगळ्यांत जुने कारागीर, तरी या बोटावरून मी त्यांच्याशी कितीदा तरी भांडले.

उन्हाळ्यात ते अचानक गेले. मला अजून त्यांचा राग येतो, आणि आठवण त्याहून जास्त येते.

जाण्याआधी त्यांनी दोन बोर्ड बनवले होते, पोटातल्या बाळाचं हृदय बघायच्या मशीनसाठी. दोन्हींत रेझिस्टर नव्हता. तरी दोन्ही गप्प. मी केबल बदलली, टेबल बदललं, पंखा बंद करून पाहिला, रेषा सरळच. आमच्या मालकीणबाई सत्यभामाताईंनी एक बोर्ड कन्नड गावच्या दवाखान्यात लावूनही टाकला. तक्रार नाही. आता दुसरा पाठवायचा होता, आणि डिझाइन बरोबर आहे अशी सही माझी लागणार होती. जे बोंबलायलाच हवं ते गप्प का, हे कळल्याशिवाय मी सही कशी करू?

दुपारी जेवण झाल्यावर मी चालू बोर्डावर उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा धरला. चिप तापलेली दिसली, ते ठीक. पण आउटपुट पिनेशेजारी, जिथं एकही पार्ट नाही तिथं, एक लांबट ठिपका होता. बोटाच्या टोकाएवढा. ऊब माणसाच्या अंगाएवढी. बोर्डाची ती कड जराशी दबलेलीही होती. मी ताईंना हाक मारली.

ताईंनी पाहिलं. “कॅमेरा बिघडला असंल,” त्या म्हणाल्या, पण दोन पावलं मागं सरकल्या.

“काकासाहेब,” मी बोर्डाकडं बघत म्हणाले, “बोट काढा. असं कुठवर धरून बसणार?”

ठिपका विझत गेला, बोर्डाची कड अलगद वर आली आणि स्कोप झुडपांनी भरून गेला. खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. माझंच बरोबर होतं ना!

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. कन्नडहून डॉक्टर मोनिका. ताईंनी स्पीकर लावला.

“ताई, मशीनला काय झालं? आत्तापर्यंत नीट चालू होतं! बाई टेबलावर आहे, बाळाचे ठोके मंदावल्यासारखे वाटतायत, अन् पडद्यावर नुसता कचरा. सिझर करायचं का नाय, कशावर ठरवू?”

बोट दोन्हीकडं होतं. मी ते दोन्हीकडून काढायला लावलं होतं.

“ठेवा!” काकासाहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत मी ओरडले. “तिथलं ठेवा, काकासाहेब! आधी तिथलं!”

फोनमधून डॉक्टर म्हणाल्या, “आलं. दिसतंय आता. व्हय, मंदच आहेत ठोके. तिला लगेच आत घेते.” फोन बंद झाला.

माझ्यासमोरचा बोर्ड बोंबलतच राहिला. त्यावर ठिपका काही परत आला नाही. ताईंना रडू फुटलं होतं. मी सोल्डरिंग गन आणि रेझिस्टरची पुडी पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

“तिथं डॉक्टरला काय सांगशील?” ताईंनी विचारलं.

“आमचा माणूस तुमच्याकडं अडकलाय म्हणून सांगीन,” मी म्हणाले. “त्याला सोडवायला आलेय.”