धुळीतला हात

न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू झाला. "काकू, बघितला की नाही पिक्चर? मी तीनदा बघून आलो! आज बायकोला घेऊन परत जाणार."

"कुठला पिक्चर?" आतून भावानं विचारलं.

मेला! इतके दिवस टीव्ही बिघडलाय म्हणून थापा मारत होते, शेजारणींना दारातूनच वाटेला लावत होते, आणि यानं एका दमात सगळ्यावर पाणी फिरवलं. नेहमीचा न्हावी आजारी, हा बदली आलेला. त्याला तरी काय माहीत म्हणा.

माझा भाऊ सिनेमात घोड्यावरून पडायचा. तेच त्याचं काम. नाव हिरोचं व्हायचं, हाडं याची मोडायची. या पिक्चरच्या लढाईत पडला आणि मानेखालचं सगळं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यानं नाही, मागून आलेल्या घोड्यांनी मान मोडली. खरी गोम तिथेच आहे.

या पडणाऱ्यांचा एक नियम असतो. पडलं की मढ्यासारखं पडून राहायचं. खरंच लागलं असेल तरच हात वर करायचा. हात दिसला की फाइट मास्तर सगळं थांबवतो, मग किती का खर्च वाया जाईना. माझ्या भावानं हात वर केला होता. घोडे थांबले नाहीत.

"धूळच इतकी होती, कुणालाच दिसला नाही रे," म्हणत मास्तर याच खोलीत ढसाढसा रडला. भावाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तो सीनसुद्धा काढून टाकलाय म्हणाला. भाऊ त्याला बापाच्या जागी मानतो, घोड्यावर बसायला त्यानंच शिकवलं ना! भावानं ते खरं धरलं, आणि तेवढ्यावरच तो दोन घास गिळतो, माझी थट्टा करतो. मला त्या रडण्याचा भरवसा कधीच वाटला नाही, पण मी तोंडाला कुलूप घातलं.

न्हाव्यानं भावाच्या गालांना साबण फासला. "लढाई काय घेतलीय, दादा! पैसा नुसता ओतलाय. अंगावर काटा येतो!"

"तुम्ही मुकाट्यानं दाढी करा हो," मी म्हटलं.

"बोलू दे गं त्यांना, आक्का. घोडे कसे आहेत?"

न्हाव्याला तेवढंच हवं होतं. "घोडे सोडा! एक साधा शिपाई आहे. नाव नाही, गाव नाही. धाडकन खाली येतो, आणि मरता मरता राजाला मुजरा करायला हात उचलतो. असा थरथरतो हात! अख्खं थिएटर उभं राहतं. मी तर लहान पोरासारखा रडलो. मग घोडे वरून जातात. काय अॅक्टिंग केलीय पठ्ठ्यानं!"

"उचला सामान आणि चालते व्हा!" मी ओरडले.

"अहो काकू, अर्धी दाढी राहिलीय! माझं चुकलं काय?"

"हात लांबून दिसतो की जवळून?" भावानं विचारलं. आवाज अगदी शांत.

"जवळून! कॅमेरा हळूहळू पुढे येतो, पार बोटांपर्यंत. थांबा, मी मोबाइलवर घेतलंय."

मी मोबाइल हिसकावायला धावले.

"आक्का, माझी शपथ आहे तुला."

मग काय करणार? न्हाव्यानं मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मीही बघितलं. धूळ होती, पण लांब मागे. पडदाभर हात होता, माझ्या भावाचा, करंगळी जरा वाकडी. लोक टाळ्या पिटत होते. न्हाव्यानं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा अंथरुणावर पडलेल्या भावाच्या वाकड्या करंगळीकडे, आणि वस्तरा मिटून खाली ठेवला.

"हात दिसतोय ना गं?"

इतके दिवस मी धडधडीत खोटं बोलत आले होते. या वेळी खोटं बोलवेना.

"दिसतोय," मी म्हटलं.

"कॅमेऱ्याला लागून मास्तर उभे असतात," तो म्हणाला. "ते सांगतात तेव्हाच कॅमेरा पुढे सरकतो."