अंगठ्याला धरून ठेवणारा

मित्रांनो, सुई धरली, किल्ली फिरवली, की अंगठ्याचे कौतुक होते. त्याला जागेवर आवरून धरणारा मात्र कुणाला ठाऊक नसतो. तो मी. मी एक जुना अस्थिबंध आहे, हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा. पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूला मी राहतो.

तिच्या जन्माआधीच मी घडलो. तीस वर्षे ती पुस्तके शिवत आली. जाड कागदांतून सुई दाबताना अंगठा बाहेर कलंडू पाही. मी त्याला रोखत असे. ‘तुझा टाका म्हणजे पक्का टाका!’ शेजारी खळ लावणारी तिची जाऊ म्हणायची. शाबासकी टाक्याला. असो.

गेल्या वर्षी पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना बाई घसरली. हातावर पडली, अंगठा बाहेरच्या बाजूला वळला. मी ताणलो, ताणलो आणि तटकन तुटलो. एवढ्यावर भागले नाही. माझे तुटके टोक शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर चढून बसले. माझी जागा खाली, मी वर, मध्ये तो पडदा! स्वस्थ बसवेना, परतही जाता येईना.

‘मुरगळलाय, होईल बरा,’ म्हणत तिने फडके गुंडाळले. पण चिमटीत जोरच येईना. सुई निसटू लागली, टाके सैल पडले. एका शब्दकोशाची पाने तर सुटून हातात आली.

‘लक्ष कुठे आहे तुझं?’ जाऊ कडाडली. ‘काम नको असेल तर तसं सांग!’

बाईने पाने पुन्हा शिवायला घेतली. मी आत तळमळत होतो. दुखण्याखेरीज मला दुसरी भाषा नाही, आणि दुखणे तिने दातांखाली दाबले होते.

दहाव्या दिवशी सकाळी जाऊ आली, तर बाई दुकानाच्या कुलपाशी झटत होती. दोन्ही हात लावूनही किल्ली फिरेना. ती रडकुंडीला आली होती. जावेने फडके सोडले. अंगठ्याचे मूळ सुजून हिरवेनिळे झाले होते.

‘अगं, बोलायचं नाही का? मी आपली तोंडसुख घेत बसले!’

‘तुला वाटलं असतं, हिचं वय झालं. कामाला दुसरी कुणीतरी बघितली असतीस.’

‘जाऊ काय बदलून मिळते? चल आधी डॉक्टरांकडे!’

डॉक्टरांनी अंगठा हळूच बाजूला वाकवून पाहिला. ‘हा नुसता मुरगळलेला नाही. आतला अस्थिबंध तुटून भलतीकडे अडकलाय. आपोआप जुळणार नाही, शिवावा लागेल.’

त्यांनी मला पडद्याखाली ओढून हाडाशी शिवले. मग सहा आठवडे प्लॅस्टर. तेवढे दिवस जावेने सुई हाती घेतली, चारदा बोट टोचून घेतले आणि आपणहून कबूल केले, ‘हे येरागबाळ्याचं काम नाही गं बाई.’

आता बाई पुन्हा शिवते. जाड ग्रंथ आला की मी अजून कुरकुरतो. जाऊ विचारते, ‘दुखतंय?’ बाई सरळ ‘हो’ म्हणते आणि सुई खाली ठेवते.

मित्रांनो, पडलात आणि चिमूट ढिली वाटली, तर कुणाच्या धाकाने लपवू नका. आम्ही आत तुटलो तरी बाहेर फार तर सूज आणि हिरवेनिळे डाग दिसतात. बाकीचे तुम्हालाच सांगावे लागते.