शॉक बंद

सहा दिवसांत बाबांना चार शॉक बसले. चाळीस वर्षं वायरमनचं काम करून एवढे बसले नव्हते. हे आतून बसत होते. ठोके बिघडले की छातीत बसवलेलं काडेपेटीएवढं यंत्र झटका देऊन हृदयाला ताळ्यावर आणायचं. त्यानंच बाबांना आठ वर्षं जगवलं. पण आता फुप्फुसातला कॅन्सर हृदयापर्यंत पोचला होता, ठोके रोज बिघडत होते, आणि ते मेलं यंत्र इमानेइतबारे झटके देत होतं.

"शॉक बंद करा," बाबांनी डॉक्टरबाईंना सांगितलं.

मी उसळले. "काही बंद करायचं नाही! आजारी माणसाचं काय ऐकता?"

"आजारी आहे, बावळट नाही," बाबा म्हणाले. "बाई, सही कुणाची लागते? माझी की हिची?"

"तुमची."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. पर्समध्ये होतं, तरी मी नाही म्हणाले. बाईंनी स्वतःचं दिलं.

यंत्र बंद म्हणजे हृदय बंद नव्हे, हे बाईंनी मला तीनदा समजावलं होतं. डोक्यात शिरेल तर शपथ. छातीतल्या यंत्राला बाहेरूनच हुकूम देणारं लॅपटॉपसारखं उपकरण त्यांनी आणलं, तेव्हा बाबा म्हणाले, "बटण मी दाबणार. दुसऱ्यानं लाइन बंद केली, एवढ्या भरवशावर मी कधी खांबावर चढलो नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि उपकरणाचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. मी बाबांचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, नको ना!"

त्यांनी दुसऱ्या हातानं बटण दाबलं. मी डोळे मिटले. बोटांखाली नाडी चालूच होती, वेडीवाकडी, हट्टी.

"शॉक बंद केलाय गं, मी नाही," बाबा म्हणाले. "मनगट सोड, दुखतंय."

पुढच्या झटक्याच्या धास्तीनं सहा दिवस पलंगाची दांडी आवळून पडलेला माणूस दहा मिनिटांत घोरायला लागला. मी पोटभर रडले.

तेवढ्यात माझा मेसेज वाचून परगावाहून दादाचा फोन. "तू अडवलं का नाहीस? मी येतोय. पुन्हा चालू करायला लावतो."

"अडवलं होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं. तू जरूर ये, त्यांच्याजवळ बस. पण त्या यंत्राचं नाव काढलंस, तर आधी माझ्याशी गाठ आहे."