सुनेचा चेहरा आणि सेकंदकाटा

चिखलीच्या अलीकडच्या त्या गावात इंद्रभानजींची दोन गोष्टींवर निर्विवाद मालकी होती. एक, मोटारीची किल्ली. दुसरी, समोरच्याचा चेहरा. दिवाळीच्या पत्त्यांत नुसतं तोंड पाहून ते समोरच्याची पानं सांगत, आणि लोक घाबरून खरंच तीच पानं टाकत.

सून रुपालीला चिखलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची नोकरी लागली. एसटी पोचायची ती पहिला तास संपल्यावर. रुपालीकडे लायसन होतं, किल्ली सासऱ्यांच्या कनवटीला. इंद्रभानजी नाही म्हणाले नाहीत. पत्त्यात मले हरव अन् घेऊन जाय, म्हणाले. नकारच होता, पण सुसंस्कृत घरातला.

खेळ रुपालीनं निवडला, पोकर. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये पाच उघडी, पैशांऐवजी सरकी. दिवेलागणीला ज्याच्याकडे सरकी जास्त, तो जिंकला. पाडव्याच्या दुपारी ओसरीवर सतरंजी पडली. तिचा नवरा हर्षल पहिल्या चहाआधीच सरकी संपवून प्रेक्षक झाला.

इंद्रभानजींनी सुनेचा अभ्यास सुरू केला. आधी बोली लावायची पाळी असली की ती जपून खेळे. मागून लावायची असली की तसल्याच पानांवर दांडगाई करी. मध्ये राजा, सत्ती, दुर्री अशी विसंगत पानं आली तर थोडी थोडी सरकी बिनधास्त लावी. नव्वी, अठ्ठी, सत्ती लागून आली की थबके. इंद्रभानजींनी मनातल्या मनात पहिल्याला कोरडवाहू अन् दुसऱ्याला ओलिताचं वावर म्हणून टाकलं. ओलितात काय उगवेल, भरवसा नसतो. पोरीला हे कळतं, याचं त्यांना बरं वाटलं.

पण मोठी बोली लावायच्या आधी ती कधीकधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही. तिला भाताची काळजी असेल, असं त्यांनी धरलं. त्या भातापायी बरीच सरकी गेली, तेव्हा त्यांनी विचारलंच.

"पानं बरी असली तं मी लावतेच, मामाजी," रुपाली म्हणाली. "काहीच नसलं तं सेकंदकाटा पाह्यते. ठरवलेल्या जागी असला तं खोटं खेळायचं, नाही तं सोडायचं. दोन खऱ्यांमागं एक खोटं, असं बसवलं आहे. मग तुम्ही माझी पानं पाहा का डाव सोडा, सरासरीत सारखंच."

"म्हणजे काटा पाह्यल्याबिगर तुलेच माहीत नाही?"

"नाही."

आयुष्यभर इंद्रभानजींनी चेहरे वाचले होते. पण मालकिणीलाच मजकूर ठाऊक नसलेला चेहरा वाचायचा कसा? राग यायला हवा होता, आलं कौतुक. ते लपवण्यासाठी त्यांनी बायकोला हाक मारून घड्याळ पुसायला न्यायला सांगितलं. आठ दिवसांपूर्वीच पुसलं, असं कौशल्याबाई म्हणाल्या, पण घेऊन गेल्या.

शेवटचा डाव आला तेव्हा दोघांची सरकी जवळजवळ सारखी होती. मध्ये राजा, नव्वी, अठ्ठी, सत्ती, दुर्री. इंद्रभानजींच्या हातात आणखी एक राजा. रुपालीनं भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग आपल्या पानांकडे, अन् सगळी सरकी पुढे लोटली.

इंद्रभानजींनी विचार केला. ओलिताचं वावर. घड्याळ गेलं, म्हणजे खोटं गेलं. मुळात पोरगी सरळ आहे, घड्याळाच्या नादानं बिघडली होती. त्यांनी राजा टाकून डाव सोडला.

दाखवशील का, असं त्यांनी विचारलं. तिनं किलवरची राणी अन् इस्पिकची पंजी खाली ठेवली. जोडीसुद्धा नव्हती.

"घड्याळ तं नव्हतं."

"घड्याळ निघालं तवाच ठरवलं, मामाजी. रिकाम्या हाती दोन्ही पानं काळी आली की खोटं खेळायचं."

इंद्रभानजींनी ती दोन पानं उचलून बराच वेळ पाहिली. मग ती हर्षलला दाखवली, जणू ती त्यांनीच खेळली होती. कौशल्याबाई दिवा घेऊन आल्या, तेव्हा ते कनवटीची गाठ सोडत होते.

"घे," किल्ली देत ते म्हणाले. "पण चिखलीच्या नाक्यावर डावीकडं जायचं का उजवीकडं, ते काट्याले विचारू नको."