तेलाच्या मिशीचा दरोडेखोर

पश्चिम खानदेशातला सगळ्यात नामचीन दरोडेखोर बोलतोय. दचकू नका, मी आयुष्यात साधं कणीसही चोरलेलं नाही. चोरणार कशानं? मला हातच नाहीत. नंदुरबारच्या एका छापखान्यातला मी लाकडी ठसा. नुसतं तोंड, आणि तोंडापेक्षा मोठी मिशी.

सुमेरमल शेठजींनी मला मिशीच्या तेलाच्या जाहिरातीसाठी कोरून घेतलं. पण तिथल्या साप्ताहिकाचे संपादक रतिलालभाऊ भारी काटकसरी. परमुलखातल्या माणसानं केलेली चोरी छापायची झाली की पहिल्या पानावर मलाच बसवत. ती बाजू छापून झाली की मला उपटून मागच्या पानावर, तेलाच्या बाटलीशेजारी. गावच्या पितांबर पाटलानं शेजाऱ्याचे बैल हाकून नेले तेव्हा मात्र मी खोक्यात घोरत होतो. बातमी एका ओळीची : 'बैलांबाबतचा गैरसमज मिटला.'

विसरवाडीचा करणसिंग पोरवयात मारवाडातून आला. भुकेपोटी एक बकरी उचलली, तुरुंग भोगला. पुढे दगूबाईच्या ओट्यावर जिलबी तळता तळता त्याचे केस पिकले. तेवढ्यात सरकारनं बाहेरच्या जुन्या गुन्हेगारांना जिल्ह्याबाहेर काढायचं ठरवलं. रतिलालभाऊंनी ठळक छापलं, 'नामचीन दरोडेखोर विसरवाडीत.' खाली मी, डोळे वटारून. बकरीचा उल्लेख नाही, जिलबीचा तर नाहीच.

प्रांतसाहेबांनी तोच अंक समोर ठेवला आणि हद्दपारीच्या हुकमावर सही करायला टाक उचलला. तेवढ्यात दगूबाईनं करणसिंगाला दंडाला धरून पुढं ढकललं. कढईच्या जाळानं मिशी होरपळते म्हणून हा बाबा कायम गुळगुळीत.

"सायेब, येन्ही मिशी कोठे शे?" तिनं विचारलं, आणि अंक उलटा केला. मागेही मीच, तेल लावून.

चपराशी आधी हसला, मग साहेब. जुन्या खटल्याचे कागद मागवले. दरोड्याच्या जागी त्यातून एक बकरी निघाली. सही न होताच टाक खाली ठेवला गेला.

करणसिंग अजून जिलबी तळतो. मी झिजलोय; मिशीचं एक टोकही उडालंय. माझं तोंड कुठे दिसलंच तर एवढं करा, पान उलटून बघा.

हां, एक राहिलं. करणसिंग सुटल्याचं छापा म्हणून दगूबाई छापखान्यात आली होती. रतिलालभाऊंनी शेवटच्या पानावर तळाशी दोन ओळी कबूल केल्या. तिला चित्रही हवं होतं.

"सुटलेल्या माणसाचा ठसा नाही आमच्याकडे, दगूबाई."

तिनं मला खोक्यातून उचललं, पदरानं पुसलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"मंग दरोडेखोरना ठसा तरी कोठे व्हता, भाऊ? हाऊ ते तेलना शे."