वल्ह्याला बांधलेलं पोतं

ऐका, आणि मधे कुणी बोलू नका, नाहीतर माझी गाडी रुळावरून घसरते. तर त्या सकाळी आमच्या आत्याची आणि आतोबांची जुंपली होती, आणि कशावरून, तर पातेलंभर भातावरून.

आत्या नाव चालवते, तुम्हाला माहीतच आहे. या काठाची माणसं त्या काठाला, त्या काठाची या काठाला, आणि मधे सवारी नसली की नाव डोहात उभी करून माशांना भात. आतोबांचं नेहमीचं रडगाणं असायचं की नवऱ्याच्या ताटात खरवड आणि वरचा मऊ भात माशांना. आत्या म्हणायची, तुम्ही पण डोहात राहायला जा, तुम्हालाही मऊ देते. हे रोजचंच. पण त्या दिवशीचं भांडण वेगळं होतं. आतोबा चिडून म्हणाले, "अगं, बाईंनी नको सांगितलंय ना खायला घालू?"

"काल नाही घातलं. आज मी स्वतः हाक मारणार त्यांना. हाक मारून उपाशी पाठवू? आणि तेही वाटेला लागताना?"

आतोबांनी पातेल्यावर झाकण ठेवून दिलं.

आता कोण बाई आणि कसली वाट, ते सांगते. आमच्या डोहातले मासे म्हणजे शेंदऱ्या. वीतभर लांब, अंग चांदीचं आणि शेपटी अशी, की शेंदरात बुडवून काढलीय. एकेकाळी इतक्या असायच्या की जाळं ओढून आतोबांचे खांदे भरून यायचे. मग वर धरण झालं, खाली वाळूवाले आले, त्यांनी नदीचं अंथरूणच गुंडाळून नेलं, आणि शेंदऱ्या उरल्या त्या फक्त आमच्या डोहात. आतोबांनी जाळं आढ्याला टांगलं ते टांगलंच. आत्याचं मात्र भलतंच सुरू झालं. तिनं वल्हं नावेच्या काठावर ठोकायचं, ठक ठक ठक, की खालच्या काळ्या पाण्यातून शेंदऱ्या वर, तोंडं उघडून. सगळ्यात पुढे फाटकी. तिची शेपटी कशानं तरी फाटली होती, म्हणून फाटकी. ती तर आत्याच्या हातातून घास घ्यायची. आणि आत्याचा एक नेम होता. भात जवळ नसेल तर ती वल्हं काठाला लागूच द्यायची नाही. कुणी पोरानं गंमत म्हणून ठोकलं तर त्याला नावेतून उतरवायची.

मग मासे-केंद्रातल्या बाई आल्या. वयानं आपल्याहून थोड्याच मोठ्या असतील, चपला हातात घेऊन सरळ चिखलात उतरणाऱ्या. शाळेच्या वर्गात बैठक झाली. बाईंनी फळ्यावर नदी काढली, डोहाला गोल केला, आणि म्हणाल्या की या उन्हाळ्यात हा डोह आटणार, आणि शेंदऱ्या संपणार, जगाच्या पाठीवरून संपणार. त्याआधी मोठ्या मोठ्या शेंदऱ्या केंद्राच्या टाक्यांत न्यायच्या, तिथं त्यांची पिल्लं वाढवायची, तोवर इथं वाळू बंद, जाळं बंद, आणि नदी सावरली की पिल्लं परत घरी. बेत चांगलाच होता. अडचण एकच, पकडायच्या कशा? डोहाच्या तळाला नुसते खडक आणि बुडालेली झाडं, जाळं टाकलं की फाटतं. तेव्हा आतोबा मागच्या बाकावरून म्हणाले, जाळं कशाला, माझी बायको हाक मारते की. सगळे हसले. बाई नाही हसल्या. त्या उठून आत्याजवळ जाऊन बसल्या.

त्यांनी आत्याला बजावलं होतं, आदल्या दिवसापासून काही घालू नका, प्रवासाला पोट रिकामं लागतं. आत्यानं मान हलवली. का लागतं, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं आणि नेमका तेवढ्यात वाळूवाल्यांचा मेहुणा उठला, मग जो गोंधळ माजला त्यात ते राहिलंच.

त्या सकाळी आत्यानं ठोकलं आणि शेंदऱ्या आल्या. एवढ्या एकदम मी कधी पाहिल्या नव्हत्या, पाण्याला आग लागल्यासारखं दिसत होतं. आत्या बाईंकडे पाठ करून बसली होती आणि भराभर भात सोडत होती. मग बाईंच्या माणसांनी खालून कापडाची झोळी उचलली, पिंपं भरली, गाडी गेली. फाटकी आणि आणखी थोड्या तेवढ्या हुकल्या. आत्या काठावर उभी राहून गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत बघत होती, आणि इतकी खूश, की घरी जाताना मला म्हणाली, पोटभर जेवून गेल्या गं.

दुपारी बाई परत आल्या. एकट्याच. हातात बादली. बादलीतलं पाणी पेजेसारखं पांढरं, आणि वर भाताची शितं.

"खायला घातलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

आत्या म्हणाली, "घातलं की. पोटभर."

बाई ओरडल्या नाहीत हो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नावेच्या काठावर बसल्या आणि सांगितलं, की हादऱ्यानं पोटातलं सगळं बाहेर येतं, बंद पिंपातलं पाणी सडतं, आणि त्याच पाण्यात श्वास घ्यायचा असतो. एकही पोचली नाही. मग म्हणाल्या, मी नीट सांगायला हवं होतं. आणि स्वतःच रडायला लागल्या. आत्या रडली नाही. नावेचा दोर आधीच बांधलेला होता, तो तिनं सोडला आणि परत बांधला. परत सोडला. परत बांधला.

ऊन वाढलं. डोह उतरत उतरत पार थाळीएवढा झाला, मधे बगळा येऊन उभा राहायला लागला. बाई पुन्हा आल्या, आणि आता काय मागायला आल्यात हे सगळ्यांना कळलं. आत्या म्हणाली, मी नाही, तुम्ही ठोका. बाईंनी ठोकलं, कुणी नाही आलं. आतोबांनी ठोकलं, तरी नाही. बगळा तेवढा जरा सरकून उभा राहिला.

त्या बगळ्याकडे आत्या बराच वेळ बघत राहिली. मग राखेनं हात घासले, कोपरापर्यंत, भाताचा वासही राहायला नको म्हणून, आणि वल्हं घेतलं.

ठक ठक ठक.

फाटकी आली. मागून बाकीच्या. आत्यानं हात पाण्यात सोडला तसं फाटकीनं तळव्याला तोंड लावलं, इकडून लावलं, तिकडून लावलं, बोटांच्या बेचक्यात शोधलं. आत्या म्हणाली, "नाही गं बाई. आज काही नाही आणलं." तरी ती जाईना. बाईंनी खालून झोळी सरकवली, तेव्हाही तिचं तोंड आत्याच्या हातालाच होतं.

जगल्या त्या. खरंच जगल्या, सगळ्या. टाकीत अंडी झाली, पिल्लं झाली, भांडून भांडून वाळूही थांबली. बाईंनी कितीदा बोलावलं, या, फाटकी बघून जा. आत्या गेली नाही. पुढे नदी भरली आणि पिल्लं डोहात सोडली, तेव्हा अख्खा गाव काठावर होता. कुणीतरी ओरडलं, आत्या, ठोक की एकदा. आत्या नाव घेऊन पलीकडे गेली, तिकडे सवारी थांबलीय म्हणे. तिकडे कुणीसुद्धा नव्हतं.

आता तुम्ही तिच्या नावेत बसाल ना, तर बघा. वल्ह्याला तिनं पोतं गुंडाळलंय, सुतळीनं आवळून, चुकूनही लाकडाला लाकूड लागू नये म्हणून. भात मात्र अजून पातेलंभर जास्तच टाकते, हाताची सवय. वरचा मऊ भात आतोबांच्या ताटात येतो. ते मुकाट्यानं खातात.