टॉवेलवाली बहीण

मित्रांनो, राष्ट्र घडवण्याच्या कामात माझा मोठा वाटा आहे. मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथली मी जुनी लाकडी खुर्ची. राष्ट्र घडवणाऱ्या महामाया मॅडम माझ्यावर बसतात त्या फक्त मोबाईलवर माहिती भरायला. शिकवतात उभ्याने. एरवी माझ्यावर त्यांची पर्स असते आणि खिचडीच्या तेलाची पिशवी. तेलाचा डाग आता मला शोभू लागला आहे, असं मीच म्हणते.

गावच्या सुताराने एकाच बाभळीतून आम्हा दोघी बहिणींना घडवलं. रंधा तोच, खिळेही एकाच पुडीतले. मी शाळेत आले, धाकटी तलाठी कार्यालयात गेली. मध्ये एकच भिंत आहे आणि खिडकी नेमकी त्याच भिंतीला.

धाकटीच्या पाठीवर टॉवेल असतो, मित्रांनो. पांढरा, जाड, कोतवालाने स्वतः धुतलेला. गेले काही महिने तलाठ्याची जागा रिकामी आहे, तरी गडी माणसं दारातच चपला काढतात आणि त्या टॉवेलपुढे हात जोडतात. उन्हाने जीव गेला तरी कुणी तिच्यावर बसत नाही. माझ्यावर मात्र कुणीही बसतं. पंखा दुरुस्त करणारा तर चिखलाच्या बुटांसकट उभा राहिला होता. मला तिचा हेवा वाटत नाही. खिळे एकाच पुडीतले होते, एवढंच माझं म्हणणं आहे.

यंदा मॅडम तलाठ्याच्या परीक्षेत पास झाल्या. फॉर्म त्यांच्या धाकट्या भावाने, प्रसेनजितने भरला होता. "ताई, एवढी हुशार तू, अन् पोट्ट्यायचे शेंबूड पुसत काऊन जिंदगी घालून राह्यली?" असं तो शाळेत येऊन, माझ्यावर बसून म्हणाला होता. निकाल लागला आणि शेजारची जागा तर रिकामीच होती. अख्ख्या गावात एकच माणूस मला आपली खुर्ची म्हणायचं. आता तेही टॉवेलला टेकणार.

मॅडमनी काय ठरवलं, ते त्यांना कुणी विचारलंच नाही. शाळा समितीचे अध्यक्ष किसनराव यांनी परस्पर सत्कार ठरवला. आमच्या गावात माणूस रुजू व्हायच्या आधीच त्याचा सत्कार करतात, म्हणजे त्याला पुढे आपली ओळख राहते. सहा वर्षं शिकवलं तेव्हा ज्या स्टँडवर मॅडमचं नावही कुणी घेतलं नाही, तिथे त्यांचा हसरा फ्लेक्स लागला.

सत्कार शाळेच्या पटांगणात झाला. सत्कारमूर्तीला बसायला खुर्ची हवी होती. मी तिथेच होते. तरी दोघांनी जाऊन शेजारून धाकटीला उचलून आणलं, टॉवेलसकट. माझ्या शाळेत, माझ्या देखत, माझ्या मॅडम तिच्यावर बसल्या. माझ्यावर नारळ आणि शाल ठेवली होती.

किसनराव माइकवर आले. "मॅडमनं सहा वर्सं आपली पोट्टी शिकवली, ते जाऊ द्या. आता मॅडम खऱ्या कामाले लागल्या! आता आपले सातबारे अडतीन का?"

"नाही!" गाव ओरडलं.

पुढच्या रांगेतून तिसरीतली छकुली उठली. "मॅडम, मंग आमचे पाढे कोन घेईन?"

"चूप बस वं, सत्कार चालू हाये," किसनराव म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या हातातून माइक घेतला. "मीच घेईन. मी कुठी जाऊन नाही राह्यली."

"म्हंजे?"

"तलाठी नाही होत मी. तसं कळवलं वरती."

प्रसेनजित मागून ओरडला, "ताई, काऊन वं? लोक मरतात त्या नोकरीसाठी!"

"हाव, नोकरी चांगलीच हाये," मॅडम म्हणाल्या. "पन तिथं मानूस समोर आला का घाबरून उभा राहीन. इथं मी फाटकात दिसली का पोट्टे पयत येतात. मले त्याचीच सवय लागली, बाप्पा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं एकमेकांकडे पाहत होती. एखाद्या घरचं ठरलेलं लग्न मोडावं, तसं किसनरावांचं तोंड झालं. "पयले सांगाचं ना, मॅडम," ते म्हणाले. "फ्लेक्स छापला न आमी."

तेवढ्यात धाकटीकडे माझं लक्ष गेलं. त्या पांढऱ्या टॉवेलच्या कडेला चहाचा चांगला हाताएवढा डाग होता. इतकी वर्षं खिडकीतून तो मला दिसला नव्हता. मित्रांनो, इतकं निर्मळ सुख मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

म्हणून सांगते, खुर्चीला जपा. ढिला पाय वेळेवर ठोकून घ्या, ओली पिशवी तिच्यावर ठेवू नका. आणि कुणी मास्तर व्हायचं म्हणालं तर त्याला आधी परीक्षेचं विचारू नका, पोरं पळत आलेली त्याला सोसतील का, ते विचारा.

सत्कार तिथेच संपला. मॅडमच्या खांद्यावर न पडलेली शाल किसनरावांनी घडी मोडू न देता परत नेली. महिन्याभराने नवा तलाठी आला, त्याला ती घातली.